वक्तृत्वोत्तेजक सभा : दीडशे वर्षांची वाटचाल

पुण्याच्या वक्तृत्वोत्तेजक सभेचे नाव घेतले की बहुतेकांना तिची वसंत व्याख्यानमालाच आठवते. सभेचे स्वतःचे नाव अनेक श्रोत्यांना निमंत्रणपत्रिकेच्या माथ्यावरच काय ते दिसते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या मालेला २०२५ मध्ये दीडशे वर्षे झाली. त्या निमित्ताने हा इतिहास लिहिताना लेखक पुण्यात बसलेला नाही; तो परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीत बसला आहे. महिनाभर चालणारी व्याख्यानमाला आमच्याकडे गावोगावी कधी पोचली नाही, पण वक्तृत्व स्पर्धा मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत पोचली. म्हणून सभेच्या कार्याकडे पाहताना आमची नजर आधी स्पर्धेकडे जाते. पुण्यातल्या लेखकाने हाच इतिहास वेगळ्या टोकाकडून सांगितला असता.

१८७०–१८७८ : बोलण्याला बक्षीस

सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. १८७२-७३ मध्ये त्यांनी व्यापारावर व्याख्याने दिली. देशी धंदे का बुडाले, परदेशी मालावर किती पैसा बाहेर जातो, असा रुक्ष वाटणारा विषय होता. पण ऐकणाऱ्यांत गणेश वासुदेव जोशी होते, ज्यांना पुणे सार्वजनिक काका म्हणून ओळखते. काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते खादीच्या पोशाखात गेले. व्याख्यान ऐकून माणूस कपडे बदलतो, हे पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिले.

त्या दशकात पुण्यात बोलण्याचा आणि ऐकण्याचा जणू हंगामच होता. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ पासून निघू लागली. तिच्यात वक्तृत्वावर स्वतंत्र निबंध आहे. १८७५ च्या पावसाळ्यात स्वामी दयानंद सरस्वतींची व्याख्याने झाली. त्यानंतर त्यांची जी मिरवणूक निघाली तिच्या रक्षणाला रानडे यांच्या विनंतीवरून फुले आपल्या माणसांसह उभे राहिले. ही सगळी मंडळी एका मताची नव्हती, पण सगळ्यांना भरलेली सभा हवी होती.

मराठी माणसाला ऐकण्याची सवय नव्हती असे नाही. कीर्तन, पुराण, पोवाडा, तमाशा हे सारे ऐकण्याचेच प्रकार. मात्र तिथे टाळ, वीणा, डफ सोबतीला असे आणि कथा ओळखीची असे. एक माणूस वाद्याविना उभा राहतो, सारापद्धतीवर किंवा इतिहासावर तासभर बोलतो आणि मग श्रोत्यांपैकी कोणी उठून शंका विचारतो, हा प्रकार नवा होता. मुंबईत १८४८ पासून एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभांनी आणि मराठी ज्ञानप्रसारक सभेने त्याची सुरुवात केली होती. रानडे त्याच एल्फिन्स्टनचे विद्यार्थी. वाढवायची गोष्ट बक्षीस लावून वाढवावी, ही रीतही ओळखीची होती. ग्रंथलेखनासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी तेच करत होती. ग्रंथाला बक्षीस मिळते तर भाषणाला का मिळू नये, इतका हा सरळ हिशेब होता. विषय जाहीर करायचा, तरुणांना तयारीला वेळ द्यायचा, जाणत्यांपुढे बोलायला लावायचे आणि चांगले बोलला त्याला बक्षीस द्यायचे. सभेच्या या कार्यक्रमाला तेव्हा ‘वक्तृत्व समारंभ’ म्हणत.

बक्षिसाच्या त्या रकमेला किती किंमत होती, ते गोपाळ गणेश आगरकर सांगू शकले असते. अकोल्याहून मॅट्रिक होऊन ते १८७५ च्या सुमारास डेक्कन कॉलेजात आले, तेव्हा खिशात काही नव्हते. एकच सदरा होता. तो रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही हकीगत महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या चरित्रात दुसरीही एक नोंद येते. वर्तमानपत्रांत लेख लिहून, शिष्यवृत्ती मिळवून आणि वक्तृत्वाच्या बक्षिसांवर त्यांनी शिक्षण पुरे केले. पुढे ‘सुधारका’त त्यांनी जे लिहिले त्याची तालीम कुठे झाली, याचा अंदाज यावरून करायला हरकत नाही. आजही जिंतूर-सेलूकडची मुले स्पर्धेच्या बक्षिसातून कॉलेजची फी भरतात, तेव्हा ती आगरकरांच्याच वाटेने चाललेली असतात.

बक्षिसांची ही कल्पना एकाच गोटात राहिली नाही. सत्यशोधक समाजाच्या हकीगतींतही वक्तृत्व समारंभाचा आणि त्यासाठी दिलेल्या बक्षिसांचा उल्लेख आहे. तिथले विषय होते मूर्तिपूजेची उपयुक्तता आणि जातिभेदाची गरज. आजच्या संयोजकांनी हे विषय ठेवण्याआधी दोनदा विचार केला असता.

१८७८–१९०० : संस्थापक गावी नसताना

रानडे यांची १८७८ मध्ये नाशिकला आणि पुढे धुळ्याला बदली झाली. त्याच वर्षी मे महिन्यात हिराबागेत पहिले ग्रंथकार संमेलन त्यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. त्यामागेही लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि रानडे यांचीच खटपट होती. नवे काम उभे करायचे आणि सरकारी हुकूम आला की ते इतरांच्या हाती देऊन निघायचे, हा रानडे यांच्या आयुष्याचा क्रमच झाला होता. त्यामुळे सभेच्या इतिहासात पहिल्या दहा वर्षांतच एक गोष्ट घडून गेली. संस्थापकावाचून काम चालवणारी माणसे तयार झाली. उन्हाळ्याच्या सुटीत वक्ते गाठणे, जागा मिळवणे, सतरंज्या अंथरणे, दिवाबत्ती करणे, वर्गणी जमवणे ही कामे ज्यांनी केली त्यांची नावे छापील इतिहासात सापडत नाहीत. इथे त्यांचे ऋण सामुदायिकरीत्याच मानावे लागते.

रानडे स्वतः टाळ्यांचे वक्ते नव्हते. त्यांची छापलेली भाषणे वाचताना टाळीची जागा शोधावी लागते. आकडे, दाखले, तुलना, पुन्हा आकडे अशी त्यांची धाटणी. वक्तृत्वाला उत्तेजन देणारी संस्था अशा माणसाने काढली, यात आम्हाला विसंगती दिसत नाही. बोलण्याने माणूस पेटावा यापेक्षा त्याला विषय कळावा, असे त्यांना वाटत असावे.

या काळातले सर्वांत धीराचे भाषण मात्र कोणत्याही स्पर्धेतले नव्हते. मुलींसाठी हायस्कूल हवे ही मागणी करण्यासाठी हिराबागेत गव्हर्नरांपुढे सभा झाली, तेव्हा रमाबाई रानडे यांनी इंग्रजीतून भाषण वाचले. पुरुषांनी भरलेल्या सभेपुढे उभे राहण्यापेक्षा सभेनंतर घरी परतणे अवघड गेले, हे त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचणाऱ्याला कळते. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना जे ऐकवले ते गव्हर्नरसाहेबांच्या कानावर गेले नाही. मुलींची ती शाळा १८८४ मध्ये सुरू झाली. हुजूरपागा म्हणून ती आजही चालू आहे.

व्याख्यान ऐकायला जाणेही तेव्हा सोपे नव्हते. १८९० साली ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांत रानडे होते, टिळकही होते. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. १८९५ च्या आगेमागे पुण्याच्या सार्वजनिक जीवनात मतभेद वाढले आणि डेक्कन सभा वेगळी निघाली. त्या वादांत शिरण्याची ही जागा नव्हे. नंतर प्लेग आला. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले.

१९०१–१९२० : भाषणावर खटले

या दोन दशकांत पुण्यात वक्त्यांची वाण नव्हती. लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले, ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे ही तीन नावे घेतली तरी तीन वेगळ्या शैली समोर येतात. टिळकांचे बोलणे सडेतोड, गोखल्यांचे आकडेवारीने भरलेले आणि शिवरामपंतांचे वक्रोक्तीचे, ज्यात काय म्हटले ते सरकारी भाषांतरकाराला कळेपर्यंत श्रोते हसून मोकळे होत.

सरकारने मात्र भाषण गंभीरपणे घेतले. १९०७ साली राजद्रोही सभांना आवर घालणारा कायदा झाला. १९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगर येथे टिळकांनी स्वराज्यावर जी भाषणे केली, ती पोलिसांच्या माणसांनी टिपून घेतली. त्यांचे इंग्रजी भाषांतर मॅजिस्ट्रेटपुढे गेले आणि टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. नोव्हेंबरात हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे होते. मराठी भाषणाची एवढी बारकाईने तपासणी त्याआधी आणि नंतरही कोणत्या परीक्षकाने केली असेल, असे वाटत नाही.

१९२१–१९४८ : इकडे परवाना, तिकडे घड्याळ

व्याख्यानमालेला १९२५ मध्ये पन्नास वर्षे झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, २२ ऑक्टोबर १९२४ रोजी, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी राल्फ स्मेडली यांनी वायएमसीएच्या तळघरात टोस्टमास्टर्सचा क्लब सुरू केला होता. सामान्य माणसाला चारचौघांत बोलता यावे, हाच त्यांचाही हेतू. १९३८ पासून त्यांनी भाषणाची जी स्पर्धा घेतली ती आज जगभरच्या क्लबांतून चाळत चाळत अंतिम फेरीला येते. पाच ते सात मिनिटे बोलायचे. हिरवा, पिवळा, लाल दिवा लागत जातो. ठरलेल्या मर्यादेपुढे गेला तो बाद. पुण्याच्या सभेने वेळेचा असा काच कधी लावला नाही. लावला असता तर काही अध्यक्षीय समारोप वाचले असते.

या काळात बोरी आणि सगळा मराठवाडा निजामी राज्यात होता. दरबारची भाषा उर्दू, विद्यापीठाची भाषा उर्दू. पुण्यात वसंत ऋतूत रोज सभा भरत होती, तेव्हा आमच्याकडे गश्ती निशाण ५३ प्रमाणे जाहीर सभेला आधी परवानगी काढावी लागे. त्यामुळे बोलण्याने दुसरी दारे शोधली. कीर्तनाच्या उत्तररंगात देशाची गोष्ट येई. गणेशोत्सवाच्या मेळ्यांत संवादांच्या आडून बरेच काही बोलले जाई. अंबाजोगाईची योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा यांसारख्या ठिकाणी मुलांना मराठीतून उभे राहून बोलायला मिळे, हीच मोठी कमाई होती. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. या भागातल्या कितीतरी लोकांनी आपल्या भाषेत राजकीय वळणाचे जाहीर भाषण पहिल्यांदा ऐकले ते अशा अधिवेशनांत. पुढे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. पुण्याच्या व्यासपीठावर दीर्घकाळ एका वर्गाचाच वावर अधिक होता. महाडला १९२७ मध्ये आणि येवल्याला १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठीतून जे बोलले, त्यासाठी त्यांना स्वतःचे व्यासपीठ उभारावे लागले. सत्यशोधकांचे जलसेही गावोगावच्या पारावर झाले. मराठी वक्तृत्वाचा इतिहास यांच्याशिवाय पुरा होत नाही.

१९४८–१९७५ : स्पर्धा गावात येते

स्वातंत्र्यानंतर मराठवाड्यात कॉलेजे निघाली. १९५० साली औरंगाबादला बाबासाहेबांचे मिलिंद आणि नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. कॉलेज म्हटले की गॅदरिंग, आणि गॅदरिंग म्हटले की वक्तृत्व, वादविवाद, करंडक. पुण्याच्या वक्तृत्व समारंभाचा साचा अशा रीतीने आमच्यापर्यंत आला. कोणी मुद्दाम आणला नाही. शिकवायला आलेल्या मास्तरांबरोबर तो आला.

पीपल्स कॉलेजचे नरहर कुरुंदकर हे या मातीतले सर्वांत मोठे उदाहरण. जन्म तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातला. त्यांचे बोलणे ऐकलेली पिढी अजून आहे. समोरच्याची बाजू आधी त्याच्यापेक्षा चांगली मांडायची आणि मग एकेक विटेने ती उतरवत न्यायची, ही त्यांची पद्धत. मनुस्मृती असो, नाट्यशास्त्र असो की हैदराबादचा लढा, आवाज चढवण्याची गरज त्यांना पडत नसे. रानडे यांना जे अभिप्रेत होते ते वक्तृत्व शंभर वर्षांनी गोदावरीच्या काठी ऐकू आले, असे आमचे मत आहे.

पुण्यात याच काळात आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे, नाथ पै यांची भाषणे मैदाने भरवत होती. ध्वनिक्षेपक आला होता. व्याख्यानमालेच्या धर्तीवर ठिकठिकाणी माला सुरू झाल्या होत्या. नाशिकला गोदाघाटावर, दादरला अमर हिंद मंडळात वसंत व्याख्यानमाला भरत होत्या. संस्थेची शाखा न काढता तिचे अनुकरण व्हावे, ही तिच्या यशाची पावतीच.

१९७५–२००० : शताब्दी आणि त्यानंतर

व्याख्यानमालेच्या शताब्दीचे वर्ष आणि आणीबाणीचे पहिले वर्ष एकच. वसंतातली माला संपून जेमतेम महिना उलटला, तोच २५ जूनला आणीबाणी आली आणि पुढचे एकवीस महिने बोलण्यावर पुन्हा पहारा बसला. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांना त्यात नवीन काही वाटले नाही.

पुढे टिळक रस्त्यावरचे टिळक स्मारक मंदिर हे मालेचे ठरलेले ठिकाण झाले. दरवर्षी २१ एप्रिल ते २० मे, रोज संध्याकाळी एक वक्ता आणि एक विषय. अर्थकारण, आरोग्य, इतिहास, संरक्षण, साहित्य, सगळ्याला जागा. टिळक घराण्यातील व्यक्तींनी आणि अनेक कार्यकर्त्यांनी हा क्रम सांभाळला.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच कुरुंदकरांचे हृदय थांबले. त्यांचे वय अवघे पन्नाशीच्या आतले होते. १९८८ मध्ये फलटणचे प्राचार्य शिवाजीराव भोसले मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू होऊन आले. त्यांच्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती गावोगावी फिरल्या आणि स्पर्धेला उभ्या राहणाऱ्या मुलांनी त्यांची लय उचलली. विचार उचलणारे थोडे. १९९५ साली परभणीला नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. हिराबागेतले ग्रंथकार संमेलन शेवटी आमच्या जिल्ह्यात आले, म्हणायला हरकत नाही.

२००० नंतर : प्रेरणेचा सुकाळ

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ‘प्रेरणादायी भाषण’ नावाचा वेगळाच प्रकार रुळला आहे. मोबाइलवर तो रात्रंदिवस मिळतो. वक्ता गरीब होता, खचला, उठला, जिंकला. शेवटी तुम्हीही उठा. टोस्टमास्टर्सच्या स्पर्धेतही बहुतेक विजयी भाषणांचा ढाचा असाच असतो. श्रीलंकेच्या धनंजय हेट्टिआराच्ची यांनी २०१४ मध्ये ती स्पर्धा जिंकली तेव्हा आपल्याकडचीही कितीतरी मुले ते भाषण पाहू लागली. त्यात वाईट काही नाही. पण सगळीच भाषणे तशी झाली तर सारापद्धतीवर कोण बोलणार, हा प्रश्न उरतो.

स्पर्धांची संख्या मात्र वाढली आहे. ‘लोकसत्ता’ने २०१५ मध्ये ‘वक्ता दशसहस्रेषु’ ही राज्यव्यापी स्पर्धा सुरू केली आणि महाविद्यालयीन वक्त्यांना मोठे व्यासपीठ मिळाले. स्पर्धेच्या मोसमात एसटीने गावे पालथी घालणारी मुले परभणी, नांदेड, लातूर या बसस्थानकांवर एकमेकांना नावाने ओळखतात. परीक्षकांचे गुणपत्रक सगळीकडे साधारण सारखेच असते : विषयाची मांडणी, भाषा, आवाज, हावभाव. पहिली घंटा वाजली की समारोप, दुसरी वाजली की खाली.

शाळेतले चित्र पाहायचे तर १७ सप्टेंबरला किंवा २६ जानेवारीला बोरीच्या वाटेवरच्या कोणत्याही शाळेत जावे. ध्वजवंदन झालेले असते. चौथीतली मुलगी, दोन वेण्या लाल रिबिनीत बांधलेल्या, टेबलाशी येते. व्यासपीठावरील मान्यवर, वंदनीय गुरुजनवर्ग आणि बालमित्रांना ती एका दमात घेते आणि दोन शब्द शांत चित्ताने ऐकण्याची विनंती करते. तिसऱ्या वाक्याला ती अडते. हातातला घामेजलेला कागद उघडायचा की नाही, असा विचार तिच्या तोंडावर स्पष्ट दिसतो. मागून बाई ओठ हलवून शब्द पुरवतात, गाडी पुन्हा चालू होते, आणि शेवटचे ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’ सगळ्यात जोरात येते. सरपंच खिशातून नोट काढून देतात. दक्षिणा प्राइझ कमिटीचे काम आता असे चालते.

पुण्यात सभेचे काम अलीकडच्या काळात डॉ. दीपक टिळक यांच्या अध्यक्षतेखाली चालले. शतकोत्तर सुवर्णमहोत्सवाच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी महिनाभराच्या मालेची परंपरा जपली आहे.

पुढच्या वर्षांसाठी बोरीकडून एक सूचना करावीशी वाटते. व्याख्यानमालेच्या महिन्यात बहुतेक दिवस गावोगावच्या शाळांना सुटी असते, मुले मोकळी असतात. सभेने तिच्या मूळच्या रिवाजाप्रमाणे चार विषय आधी जाहीर करावेत आणि ते मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या शाळांपर्यंत पाठवावेत. ‘माझे प्रेरणास्थान’ हा विषय त्यांत नसावा. सोयाबीनचा भाव कोण ठरवतो, गावची शाळा पटाअभावी बंद करावी का, लग्नाचा खर्च कोणी कमी करायचा, ग्रामसभेला कोरम का होत नाही, असे विषय असावेत. तयारीला दोन महिने द्यावेत आणि भाषण संपल्यावर श्रोत्यांना प्रश्न विचारू द्यावेत. बक्षिसाची रक्कम एवढी असावी की कॉलेजची एका वर्षाची फी निघेल.